टाकी भरली की ड्रोन बसतो : दुपारच्या फवारणीतली नेहमीची तक्रार आणि तिची तपासणी

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. सकाळी ड्रोन झकास उडतो, दोन-तीन टाक्या नीट मारतो. ऊन चढलं, टाकी काठोकाठ भरली, की उचलतानाच जड वाटायला लागतो. वळणावर उंची सोडतो, रिमोटवर लो व्होल्टेजचा अलार्म ओरडतो, आणि उतरवून हात लावला तर मागच्या दोन मोटरी पोळतात. मग एक मोटर बदलली जाते. पुढच्या आठवड्यात ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारं सर्किट). त्यानंतर बॅटरी. तक्रार आहे तिथेच. दौंड-इंदापूरचा ऊस असो, जुन्नर-नारायणगावची द्राक्षं असोत की पुरंदरच्या अंजिराच्या बागा, एप्रिल-मे उजाडला की हाच फोन येतो.

जो भाग जळाला तोच बदलत राहणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. बहुतेक वेळा जळालेल्या मोटरीत काहीच दोष नसतो. तिच्यावर बोजा जास्त पडलेला असतो, आणि तो का पडला हे वजन, प्रॉप (मोटरीवरचा पंखा) आणि बॅटरी एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही. मोटर निवडताना 'होव्हरला (हवेत एका जागी तरंगायला) लागतो त्याच्या दुप्पट थ्रस्ट (उचलण्याचा जोर) हवा' हा नियम सगळे पाळतात. पण पाळतात तो कंपनीच्या तक्त्यावर. शेतात, दुपारी, अर्ध्या बॅटरीवर आणि भरलेल्या टाकीसह तो दुप्पटपणा किती उरतो, हे कुणी मोजत नाही. सगळं दुखणं तिथे आहे.

दुप्पट कुठे जातं

एक नेहमीचा नमुना घेऊ. १० लिटरचा हेक्सा (सहा मोटरींचा ड्रोन), टाकी भरून टेकऑफ वजन २४ किलो. सहा मोटरी, म्हणजे होव्हरला प्रत्येकीवर ४ किलो. २२ इंची प्रॉप. बॅटरी १२एस (ओळीने जोडलेले बारा सेल), म्हणजे १६००० एमएएचचे (१६ एएच) दोन ६एस पॅक सिरीजमध्ये. मोटरच्या तक्त्यात ४८ व्होल्टला कमाल थ्रस्ट ९ किलो लिहिलाय असं धरू. नऊ भागिले चार, सव्वादोन पट. कागदावर पास.

आता हवा बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तक्ते ज्या प्रमाण हवेच्या आसपास काढले जातात तिची घनता घनमीटरला १.२२५ किलो. पुण्याच्या उंचीवर ४० अंश तापमानात ती १.०५ च्या आसपास येते, म्हणजे सुमारे १४ टक्के कमी. विरळ हवेत मोटर थोडी जास्त फिरते, त्यामुळे सगळे १४ टक्के जात नाहीत. पण कमाल थ्रस्टमधले दहा-बारा टक्के धरायलाच हवेत. शिवाय तोच ४ किलो थ्रस्ट पेलायला आरपीएम आणि वीज दोन्ही ७-८ टक्के जास्त लागतात.

मग व्होल्टेज. अर्धी वापरलेली बॅटरी लोडखाली ४१ व्होल्टच्या आसपास बसते. व्होल्टेज १५ टक्के कमी झालं तर कमाल थ्रस्ट त्याहून बराच जास्त पडतो, कारण थ्रस्ट आरपीएमच्या वर्गाने बदलतो. प्रत्यक्षात साधारण पाऊण राहतो. दोन्ही घट एकत्र केल्या की ९ किलोचे सहाच किलो उरतात. सव्वादोन पट होतं, ते दीड पट झालं.

वरून गुरुत्वमध्य. टाकी, पंप, बॅटरी यांची मांडणी जरा मागे असेल तर मागच्या मोटरी जास्त ओढतात. पाऊण मीटर लांबीच्या आर्मचा (मोटर धरणाऱ्या दांडीचा) हेक्सा असेल आणि वजनाचा मध्य फक्त ५ सेंटिमीटर मागे असेल, तर मागच्या दोन्ही मोटरींवर प्रत्येकी जवळजवळ अर्धा किलो जादा येतो. म्हणजे त्यांना होव्हरलाच साडेचार किलो द्यायचाय आणि वर द्यायला जेमतेम दीड किलो शिल्लक आहे. वळणावर वाऱ्याची झुळूक आली, फ्लाइट कंट्रोलरने (ड्रोन सावरणाऱ्या संगणकाने) त्या मोटरीला 'अजून दे' म्हटलं, आणि तिच्याकडे द्यायला पुरेसं काही नाही. ड्रोन त्याच बाजूला झुकतो आणि उंची सोडतो. आर्डुपायलट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मशिनमध्ये नेमक्या या क्षणी 'पोटेन्शियल थ्रस्ट लॉस' असा निरोप येतो आणि पुढे कंसात मोटरचा नंबर असतो. लोक त्या नंबरची मोटर बदलून टाकतात! तो निरोप फक्त एवढंच सांगतो की ही मोटर पूर्ण जोर लावूनही पुरत नाहीये.

अर्ध्या बॅटरीवर दुसरी टाकी

हे वेगळं लिहितोय, कारण सगळ्यात जास्त वेळा गाडी इथेच अडते.

हेक्साची बॅटरी साधारण नऊ-दहा मिनिटं टिकते, टाकी सहा-सात मिनिटांत रिकामी होते. बांधाजवळचा तुकडा राहिलेला असतो. पायलट म्हणतो, बॅटरीत अजून चाळीस टक्के आहे, टाकी भरून घेऊ, तेवढं उरकून टाकू. पहिल्या टाकीच्या वेळी वजन जास्त होतं तेव्हा व्होल्टेजही जास्त होतं. टाकी रिकामी होत गेली तसं व्होल्टेज उतरत गेलं, दोन्ही बरोबर खाली आले, म्हणून काही जाणवलं नाही. आता वजन पुन्हा २४ किलो आणि व्होल्टेज तळाला. वरचा सगळा हिशोब याच क्षणाचा आहे.

इथे नियम एकच : भरलेली टाकी, भरलेली बॅटरी. तुकडा उरकायचाच असेल तर टाकीत तेवढंच तीन-चार लिटर घ्या. एवढ्या एका सवयीने अर्ध्याअधिक तक्रारी मिटतात, आणि त्यासाठी एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

वजन काट्यावर घ्या

'साहेब, चोवीसच भरतो' हे ऐकून पुढे जाऊ नका. भुसार दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, आडत्याकडचाही चालतो. टाकी भरून, बॅटरी लावून, नोझल-पाइपात पाणी उतरवून वजन घ्या. मागून बसवलेला एलईडी दिवा, जादा ब्रॅकेट, लोखंडी नटबोल्ट, मोठा पंप असं करत करत दीड-दोन किलो कधी चढतात ते कळत नाही. आणि वजन वाढलं की वीज त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. वजन ५ टक्के वाढलं तर होव्हरची वीज साडेसात टक्क्यांनी वाढते.

काट्यावरच आणखी एक काम उरकून घ्या. पुढचा स्किड (ड्रोनचा पाय) काट्यावर आणि मागचा तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवून एकदा, मग उलट करून एकदा वजन घ्या. दोन्ही आकड्यांत फरक निघाला तर बॅटरीची ट्रे सरकवा. टाकी रिकामी असताना आणि भरलेली असताना, दोन्ही वेळा हे करा. काही फ्रेममध्ये टाकीच मध्यावर नसते. रिकामा ड्रोन अगदी समतोल असतो आणि भरल्यावर शेपटावर बसतो.

बॅटरी : लेबल सोडा, रोध बघा

आता खरा मसाला. आपल्या नमुन्यात होव्हरला एका मोटरीला सव्वासहाशे वॅटच्या आसपास लागतात. सहा मोटरींचे पावणेचार किलोवॅट, १२एसवर साधारण ८४-८६ अँपिअर. १६ एएचच्या पॅकवर हा सव्वापाच सीचा, म्हणजे पॅकच्या एएच आकड्याच्या सव्वापाच पट अँपिअरचा, सततचा बोजा झाला. लेबलवर २५सी लिहिलेलं असतं, म्हणून वाटतं की भरपूर वाव आहे. लेबलवरचा सी आकडा कोण कसा मोजतो याला काही धरबंध नाही. मी तो वाचतच नाही. मी सेलचा अंतर्गत रोध (करंटला आतून होणारा अडथळा) बघतो, तो कुठलाही बरा चार्जर दाखवतो.

अलीकडे तपासणीला आलेली एक जोडी सांगतो. दोन्ही पॅक एकाच कंपनीचे, लेबल सारखं, पण एक आधी घेतलेला आणि एक नंतर. टेबलावर दोन्हींचं व्होल्टेज अगदी बरोबर दिसत होतं. चार्जरला लावल्यावर नव्या पॅकचे सहाही सेल २ मिलिओहमच्या आसपास. जुन्याचे पाच सेल चारच्या थोडं वर, आणि चौथा सेल ९. आता ८६ अँपिअरचा लोड मनात लावून बघा. त्या एका सेलचं व्होल्टेज लोडखाली पाऊण व्होल्टहून जास्त पडणार. बॅटरी निम्म्यावर असताना सेल ३.७५ व्होल्टवर असतो, तो लोडखाली तीनच्याही खाली जाणार. त्याच वेळी रिमोटवर संपूर्ण १२एसचं व्होल्टेज ४१ दिसतंय, म्हणजे सेलमागे सरासरी ३.४. अलार्म ३.४ च्या खाली लावलेला असेल तर तो वाजतच नाही. बाकीच्या अकरा सेलांच्या आड तो एक सेल मरतोय, रोज थोडा थोडा फुगतोय. त्या पॅकवर हात फिरवला तेव्हा मधल्या भागात फुगवटा बोटांना लागत होता. नुसत्या डोळ्यांनी तो दिसलाही नसता.

अशा पॅकला मी फवारणीतून बाद करतो. आणि जोडी म्हणून घेतलेले दोन पॅक जोडी म्हणूनच वापरावेत, मार्करने 'अ१-अ२' असे नंबर टाकावेत, चार्जिंगही बरोबर करावं. सिरीजमध्ये करंट दोघांतून सारखाच जातो, त्यामुळे नवा पॅक जुन्याला वाचवत नाही, उलट त्याला जास्त वेळ राबवतो.

रोध वाढला की नुसतं व्होल्टेज पडत नाही, उष्णताही पॅकच्या आतच तयार होते. पूर्ण १२एसचा रोध २० मिलिओहम असेल तर ८४ अँपिअरला दीडशे वॅटच्या आत उष्णता. तोच ६० मिलिओहम झाला की चारशे वॅटच्या वर. भर उन्हात, बंद ट्रेमध्ये, चारशे वॅट.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'दुपारी बॅटरी गरम होते म्हणून ताकद देत नाही' असं सर्रास म्हटलं जातं. गरम लायपोचा (या ड्रोनमधल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) रोध उलट कमी असतो. तिचं आयुष्य घटतं हे खरं, पण त्या घटकेला ती ताकद जास्तच देते. दुपारी ताकद कमी वाटते त्याची कारणं वेगळी : विरळ हवा, सुटलेला वारा, तापलेली मोटर, आणि घाईने अर्धवट चार्ज करून लावलेला पॅक. जनरेटरवर दोन सीने चार्जिंग चाललंय, ९० टक्क्यांवर काढून लावला, आणि सेल बॅलन्स व्हायला वेळच मिळाला नाही. थंडीचा प्रकार बरोबर उलटा असतो. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरकडे सकाळी पारा दहाच्या आसपास असताना रात्रभर गाडीत राहिलेला पॅक पहिल्याच टाकीला व्होल्टेज टाकतो आणि पुढच्या टाक्यांना सुधारतो. तक्रार फक्त थंडीतल्या पहिल्या उड्डाणाची असेल तर काहीही बदलू नका. पॅक खोलीत ठेवा, टाकी भरण्याआधी मिनिटभर रिकामा होव्हर करा.

पॅक उतरवल्यावर हाताला कोमट लागेपर्यंत चार्जरला लावू नका. त्या दिवशी वापर संपला तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण चार्ज पॅक मे महिन्यात बंद गाडीत दोन-तीन दिवस ठेवला तर त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा तिथेच खर्च होतो.

मोटरी हाताने बोलतात

उतरवल्याबरोबर, अर्ध्या मिनिटाच्या आत, इन्फ्रारेड थर्मामीटरने सहाही मोटरींचं तापमान घ्या आणि लिहून काढा. आकडे किती यापेक्षा त्यांची मांडणी कशी हे जास्त सांगतं.

मागच्या दोन्ही गरम, पुढच्या थंड : गुरुत्वमध्य मागे आहे, वर सांगितलं ते करा.

एकाआड एक तीन गरम, उरलेल्या तीन थंड : एकाच दिशेने फिरणाऱ्या मोटरी जास्त राबताहेत, म्हणजे ड्रोन स्वतःला सरळ ठेवायला सतत वळणाविरुद्ध झगडतोय. कारण जवळजवळ नेहमी एखाद्या आर्मचा पीळ. घडीचा सांधा झिजतो, क्लॅम्पचा बोल्ट सैल होतो, आणि मोटर दोन-तीन अंश कलते. प्रॉप काढा, ड्रोन सपाट फरशीवर ठेवा, गवंड्याकडची छोटी पाणसळ प्रत्येक मोटरीच्या माथ्यावर ठेवून बघा. या साध्या तपासणीतून जेवढे दोष सापडतात तेवढे महागड्या उपकरणांतून सापडत नाहीत. आर्मवर एकदा सरळ रेघ ओढून ठेवली तर पुढच्या वेळी सांधा फिरलाय का हे नुसतं बघूनच कळतं.

एकच मोटर गरम : आता त्या मोटरीवर संशय घ्या, पण आधी दुसऱ्या एका मोटरीशी प्रॉपची अदलाबदल करून बघा. दोन्ही मोटरी एकाच दिशेने फिरणाऱ्या हव्यात, म्हणजे हेक्सात एक सोडून पुढची. उष्णता प्रॉपबरोबर गेली तर दोष प्रॉपचा. तिथेच राहिली तर बेअरिंग, वायंडिंग किंवा ईएससी. हाताने फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग. फवारणीच्या औषधाचा तुषार आत जाऊन बेअरिंग लवकर खातो, म्हणून संध्याकाळी ओल्या फडक्याने मोटरी पुसणं टाळू नका. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नका.

सगळ्याच सारख्या गरम : हा वजनाचा किंवा चुकीच्या प्रॉपचा मामला. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो, वायंडिंग १०० अंशांवर गेलं तर थंड असतानाच्या तुलनेत जवळजवळ ३० टक्के. म्हणजे तापलेली मोटर त्याच कामाला अजून तापते. लोहचुंबकांनाही मर्यादा असते, ती ओलांडली की त्यांची ताकद कायमची घटते. त्यानंतर ती मोटर दिसायला ठीक, फिरायला ठीक, पण त्याच थ्रस्टला जास्त करंट ओढणारी होते.

मोठा प्रॉप लावू का?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच देऊन भागत नाही.

होव्हरपुरतं बघितलं तर मोठा प्रॉप चांगलाच. आपल्या नमुन्यात २२ इंचाऐवजी २४ इंच लावला तर तोच ४ किलो थ्रस्ट साधारण ८ टक्के कमी विजेत मिळतो. ३० इंची लावता आला असता तर पाव भागाहून जास्त वीज वाचली असती. मोठी चकती जास्त हवा हळू ढकलते, त्यात वाया कमी जातं. म्हणून लोक २४ इंची लावतात, रिकाम्या ड्रोनची मिनिटं वाढलेली बघतात आणि खूश होतात.

पण त्याच आरपीएमला प्रॉप फिरवायला लागणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. २२ चा २४ केला तर दीड पटीहून जास्त. होव्हरला आरपीएम कमी होतो म्हणून तो फरक दिसत नाही. तरीही टॉर्क ९ टक्के वाढलेला असतोच, आणि वायंडिंगमधली उष्णता जवळजवळ एक पंचमांशाने. वाऱ्यात, वळणावर, भरल्या टाकीने वर खेचताना मोटर पूर्ण जोरावर जाते तेव्हा तो दीड पट टॉर्क खरा होतो. करंट ईएससीच्या मर्यादेला भिडतो, ईएससी स्वतःला वाचवायला हात आखडता घेतो, आणि उचल हवी तेव्हाच मिळत नाही. जड पात्यांना वेग बदलायलाही वेळ लागतो, त्यामुळे ड्रोन डुलायला लागतो. हे डुलणं ट्यूनिंगने झाकता येतं, बरं करता येत नाही.

म्हणून : मोटर त्या मापाची असेल, म्हणजे निर्मात्याच्या तक्त्यात त्या व्होल्टेजला तो प्रॉप दिलेला असेल आणि मोटरचा केव्ही (दर व्होल्टला किती आरपीएम हा आकडा) मोठ्या प्रॉपला साजेसा कमी असेल, तरच मोठा प्रॉप. नाहीतर आहे तोच, पण अस्सल. बाजारात हुबेहूब दिसणारी नायलॉनची पाती मिळतात, लोडखाली त्यांचा टोकाकडचा पीळ सुटतो आणि थ्रस्ट जातो. पातं दोन्ही हातांनी हलकं पिरगाळून बघा, कार्बनमिश्रित पात्याशेजारी फरक लगेच कळतो. घडीच्या पात्यांचे वॉशर झिजले की पातं मुळाशी खेळतं आणि कंपनं येतात. बोल्ट असा कसा की पातं हाताने फिरेल पण स्वतःच्या वजनाने पडणार नाही. मुळाशी केसाएवढी चीर दिसली तरी दोन्ही पाती एकदम बदला, एकाच वजनाची.

बदलायचंच ठरलं तर कशापासून

तपासणीतून काही निघालं नाही, वजनही खरंच गरजेचं आहे, आणि तरी वाव कमीच आहे. मग बदल करा, पण ठरावीक क्रमाने.

आधी भार. दुपारी १० ऐवजी ७-८ लिटर घेऊन बघा. दोन-अडीच किलो कमी झाले की प्रत्येक मोटरवर साडेतीन किलोच्या आसपास येतात आणि तोच दीड पटीचा वाव पावणेदोनकडे सरकतो. मला हा उपाय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. फेऱ्या वाढतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण कोसळलेल्या ड्रोनच्या फेऱ्या शून्य असतात. तसंही भर दुपारच्या वाऱ्यात औषध पिकावर कमी आणि शेजारच्या वावरात जास्त जातं. सकाळ-संध्याकाळ साधता आली तर दोन्ही प्रश्न सुटतात.

मग बॅटरी. १६ एएचचे जुने पॅक काढून त्याच मापाचे नवे, जुळलेल्या रोधाचे पॅक घ्या. थेट २२ एएचवर उडी मारण्याआधी थांबा. जोडीमागे एक-सव्वा किलो वजन वाढतं. मिनिटं वाढतात हे खरं, पण आपला २४ किलोचा ड्रोन २५ च्या पलीकडे जातो. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २ ते २५ किलोचा ड्रोन 'स्मॉल' आणि त्यावर १५० किलोपर्यंतचा 'मीडियम' वर्गात येतो, आणि हे वजन टाकीतल्या औषधासह धरायचं असतं. तुमचं पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट कुठल्या वर्गासाठी आहे ते आधी बघा. टाइप सर्टिफिकेट ठरावीक रचनेच्या मॉडेलला मिळतं, त्यामुळे प्रमाणित ड्रोनची मोटर, प्रॉप किंवा बॅटरी परस्पर बदलण्याआधी निर्मात्याशी बोलणं भाग आहे. लायआयनचे (लिथियम-आयन) पॅक वजनाला हलके म्हणून मोह पडतो. सर्व्हेच्या ड्रोनला ते उत्तम, पण पाच-सहा सीचा सततचा बोजा आणि भरल्या टाकीचे झटके त्यांच्याकडून पेलवून घेऊ नका.

मोटर शेवटी. नव्याने बांधणाऱ्यांनी, विशेषतः कॉलेजच्या मुलांनी, इथे उलट दिशेने चालावं. आधी एकूण वजन धरा, मोटरींनी भागा. फ्रेममध्ये शेजारच्या पात्यांची टोकं एकमेकांपासून काही सेंटिमीटर लांब राहतील असा मोठ्यात मोठा प्रॉप ठरवा. मग व्होल्टेज. जड ड्रोनला ६एसचा विचारही नको. आपलेच पावणेचार किलोवॅट ६एसवर काढले तर करंट दुप्पट, आणि त्याच तारांतली उष्णता चौपट. व्होल्टेज आणि प्रॉप ठरला की केव्ही आपोआप ठरतो : प्रॉप मोठा, व्होल्टेज जास्त, तर केव्ही कमी. मग तक्ता उघडा, कमाल थ्रस्टला ०.६७ ने गुणा, आणि आलेल्या आकड्याला सगळ्यात जास्त राबणाऱ्या मोटरीच्या भाराने भागा. उत्तर १.६ च्या खाली असेल तर एक माप वरची मोटर घ्या. बॅटरीचं वजन बदललं की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार फेऱ्यांत आकडे स्थिरावतात.

कोअॅक्सियल, म्हणजे चार आर्मांवर प्रत्येकी वर-खाली दोन मोटरी लावून आठची ताकद मिळेल अशी आशा धरू नका. खालच्या प्रॉपला वरच्याने ढवळलेली हवा मिळते, त्यामुळे जोडीमागे पाचव्या हिश्श्याच्या आसपास तोटा धरावा लागतो. जागा नसेल तरच तो मार्ग.

तारा आणि सेटिंग

बॅटरीची ट्रे सरकवताना तार कमी पडते आणि पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या बाजारातून आणलेला तुकडा जोडून बॅटरीकडची तार लांबवली जाते. हे करू नका. बॅटरी आणि ईएससीमधली तार लांबली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो आणि भर लोडला मोटर सिंक सोडू शकते, म्हणजे ईएससीशी तिचा ताल तुटू शकतो. लांबवायचीच असेल तर ईएससी ते मोटर ही बाजू लांबवा, किंवा ईएससीजवळ योग्य व्होल्टेजचे लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) कपॅसिटर वाढवा. कनेक्टर उतरवल्यावर लगेच बोटाने तपासा. काळवंडलेला, सैल झालेला अँटिस्पार्क (जोडताना ठिणगी रोखणारा) कनेक्टर स्वतंत्रपणे पोळत असेल तर तो बदलायला दोनदा विचार करू नका.

आर्डुपायलट असेल तर सेटिंगमध्ये 'मॉट बॅट व्होल्ट मॅक्स' (बॅटरीचं कमाल व्होल्टेज) ५०.४ आणि 'मिन' (किमान) ३९.६ भरलेलं आहे ना, हे बघा. हे रिकामं असलं की व्होल्टेज उतरत जातं तसा ड्रोनचा प्रतिसाद बदलत जातो आणि दोष मोटरींवर येतो. २० इंचांवरच्या प्रॉपला 'थ्रस्ट एक्स्पो' (थ्रॉटल आणि थ्रस्टचं नातं ठरवणारं सेटिंग) ०.७५ च्या आसपास लागतो. भरल्या टाकीने स्थिर होव्हर करून 'थ्रस्ट होव्हर' (होव्हरला लागणारा थ्रॉटलचा हिस्सा) किती शिकलं ते वाचा. अर्ध्याच्या आत असेल तर उत्तम. ०.६ च्या वर गेला असेल तर हा मजकूर पुन्हा वजनाच्या काट्यापासून वाचा.

चाचणी उड्डाण औषधाने करू नका, साधं पाणी भरा. पुणे शहर आणि आसपास तर उडवण्याआधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोनसाठीच्या हवाई हद्दीचा सरकारी, नकाशा उघडाच. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), त्यामुळे आपल्याकडचा बराच भाग हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात येत नाही. मोकळ्या रानात, माणसं लांब ठेवून, दोन मीटरवर दोन मिनिटं होव्हर, मग सावकाश डावीकडे-उजवीकडे, मग उतरवून सहाही तापमानं. तीच चाचणी सकाळी सातला एकदा आणि दुपारी दोनला एकदा, दोन्ही वेळा पूर्ण चार्ज पॅकने. दोन्ही लॉगमधला होव्हरचा करंट आणि लोडखालचं व्होल्टेज शेजारी शेजारी ठेवा. करंट दोन-चार टक्के वाढला तर तो हवेचा फरक आहे. दहाच्या वर वाढला तर वारा वगळून पुन्हा मोजा. तरी तेवढाच आला तर मोटर-प्रॉपकडे बघा. करंट तेवढाच आणि व्होल्टेज मात्र जास्त पडतंय, तर पॅक आणि कनेक्टर.

बाद केलेला फुगलेला पॅक शेडच्या कोपऱ्यात, खताच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून घराबाहेर ठेवा, आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका, तो हातोडीने फोडतो.